बॅरन गेले आणि कार्निव्हल दोनदा झाला

श्रोतेहो, नमस्कार.

रिओ द जानेरोचा कार्निव्हल टीव्हीवर कधी ना कधी आपण सगळ्यांनीच पाहिलाय. पिसांचे मुकुट, घराएवढे चित्ररथ, सांबाचा ठेका. गोव्यातल्या श्रोत्यांना तर मी काय सांगणार! पोर्तुगीज ब्राझीलमध्ये गेले तसे गोव्यातही आले, येताना आपला इंत्रुज, म्हणजे कार्निव्हलच, घेऊन आले, आणि पणजीत काय, रिओत काय, त्या दिवसांचा राजा एकच: मोमो. आज मी तुम्हाला सांगणार आहे ते रिओचा कार्निव्हल थांबवायचा प्रयत्न कुणी कुणी केला आणि त्याचं पुढे काय झालं, ते.

एक गोष्ट आधीच ध्यानात ठेवा. कार्निव्हल येतो ख्रिस्ती उपासाचे चाळीस दिवस सुरू व्हायच्या तोंडावर, म्हणजे फेब्रुवारीत नाहीतर मार्चच्या सुरुवातीला. आणि रिओ विषुववृत्ताच्या खाली, म्हणून तिथे फेब्रुवारीत भर उन्हाळा. घामाच्या धारा, डास, आणि एकोणिसाव्या शतकात त्या डासांबरोबर येणारा पीतज्वर.

म्हणून १८९२ मध्ये सरकारने विचार केला की एवढी गर्दी, एवढा कचरा, आणि तोही अशा रोगट दिवसांत, कशाला? कार्निव्हल जूनमध्ये करा. जूनमध्ये तिकडे थंडी, हवा बरी. कागदावर बिनतोड. लोकांनी काय केलं? नेहमीच्या दिवसांतही खेळले आणि जूनमध्येही खेळले. झालं, सरकारने पुन्हा तारखेला हात लावला नाही. निदान वीस वर्षं तरी.

आता ती वीस वर्षं ओलांडून येऊ १९१२ सालात. ही गोष्ट मी भेटेल त्याला सांगतो, घरचे आता उठून जातात. तुम्ही उठू नका.

ब्राझीलचे परराष्ट्रमंत्री होते बॅरन दो रिओ ब्रांको. मूळ नाव बरंच लांब आहे, आपण बॅरनच म्हणू. देह चांगला भारदस्त, जेवणाचे शौकीन, कामाच्या टेबलावर कागदांचे ढीग. पुढे पुढे तर ते मंत्रालयाच्या वाड्यातच राहायचे, इतामाराती नावाच्या. या माणसाने काय केलं? ब्राझीलच्या सीमा आखल्या. अर्जेंटिनाशी वाद होता, तो लवादापुढे मांडून जिंकला. फ्रेंच गयानाच्या बाजूचा वाद, तोही जिंकला. बोलिव्हियाकडून आक्रे नावाचा रबराच्या जंगलांचा मोठा मुलूख १९०३ च्या तहात मिळवला. आणि हे सगळं युद्ध न करता. पुन्हा सांगतो, युद्ध न करता. जुने नकाशे, जुने करार आणि चिकाटी, एवढ्यावर. (आपल्याकडे शाळेत लढाया जिंकलेल्यांच्या सनावळ्या पाठ करून घेतात. असल्या कारकुनी पराक्रमावर चार मार्कांचा प्रश्नसुद्धा येत नाही. असो.)

तर लोकांचं या माणसावर प्रेम होतं, अगदी मनापासून. आणि १० फेब्रुवारी १९१२ ला, शनिवारी, बॅरन त्याच वाड्यात वारले.

तारीख पुन्हा ऐका. १० फेब्रुवारी, शनिवार. कार्निव्हल सुरू व्हायचा होता पुढच्या शनिवारी, १७ तारखेला. मध्ये फक्त एक आठवडा. शहरभर मुखवटे तयार, कपडे शिवून झालेले, चित्ररथांवर रंगाचा शेवटचा हात चाललेला. त्या काळी तीन बडी मंडळं होती, त्यांच्यात चुरस असायची. एकाचं नाव तर ‘सैतानाचे लेफ्टनंट’! आणि अशा वेळी देशाला दुखवटा.

काय करायचं? राष्ट्राध्यक्ष होते मार्शल एर्मेस दा फोन्सेका. लष्करी माणूस. ठरलं असं, की हा कार्निव्हल आता नको. एप्रिलमध्ये, ईस्टरच्या सुमाराला करू. बॅरनचा मान राहील, लोकांची हौसही बुडणार नाही.

आणि बॅरनची आठवण राहावी म्हणून आणखी एक केलं. रिओच्या मधोमध एक रुंद, सरळ, नवाकोरा रस्ता होता, अवेनिदा सेंत्राल. शेकडो जुनी घरं पाडून १९०५ मध्ये तो खुला केला होता. त्याला बॅरनचं नाव दिलं: अवेनिदा रिओ ब्रांको. १५ फेब्रुवारीला, म्हणजे जाऊन पुरता आठवडाही झाला नव्हता. (रस्त्याला नाव दिलं की थोर माणसाचं ऋण फिटलं, हा समज जगभर आहे. आपल्याकडे तर एकेका चौकाला तीन तीन नावं, आणि रिक्षावाल्याला सांगायचं झालं तर ‘टाकीपाशी घ्या’.)

आता गंमत बघा. कार्निव्हलची सगळ्यात मोठी गर्दी कुठल्या रस्त्यावर व्हायची? त्याच! उघड्या मोटारी ओळीने त्याच रस्त्यावरून जायच्या, एका मोटारीतून दुसरीवर कागदी फिती भिरकावल्या जायच्या, डांबरावर रंगीत कागदाच्या टिकल्यांचा थर. आणि हातात छोटी फवारणीची नळी, आत सुगंधी इथर. मागून येऊन मानेवर फवारा मारायचा, की पुढचा थंडगार शिरशिरी येऊन किंचाळलाच पाहिजे. आपल्या धुळवडीला पिचकारी, तशी त्यांची ही. (पुढे लोक ती हुंगायला लागले आणि १९६१ मध्ये तिच्यावर बंदी आली.)

तर फेब्रुवारीत लोक थांबले का? छे! दुखवटा एकीकडे, आणि माणसं रस्त्यावर. बॅरनच्याच नावाच्या रस्त्यावर. मग एप्रिल आला, सरकारने दिलेला कार्निव्हल आला. तोही साजरा झाला. एका वर्षात दोन कार्निव्हल, आणि दुसरा खुद्द सरकारच्या शब्दावर.

एवढ्यावर थांबतील तर ते रिओचे लोक कसले! एक गाणं गावभर झालं. चार ओळींचं, कुणी रचलं माहीत नाही. मतलब असा: बॅरन गेले, आम्हाला दोन कार्निव्हल मिळाले, काय मजा, काय गोडी, आता मार्शलसाहेबही गेले तर!

मार्शलसाहेब तेव्हा चांगले हयात होते, आणखी अकरा वर्षं जगले. पुढच्या वर्षी त्यांनी दुसरं लग्न केलं ते नाईर दे तेफे नावाच्या बाईंशी, आणि बाई होत्या व्यंगचित्रकार! त्यांनी राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यात गिटारवर रस्त्यावरचं नाचाचं संगीत वाजवलं म्हणून १९१४ मध्ये केवढा गहजब झाला. त्यावर एक वेगळं भाषण होईल. वेळ संपत आला, भराभर पुढे जातो.

१९१८ च्या शेवटी इन्फ्लुएंझाने रिओत हजारो माणसं नेली. इस्पितळात खाटा रिकाम्या करायला रोग्यांना मध्यरात्री विषारी चहा देतात, अशी अफवा होती. काही महिन्यांत आला १९१९ चा कार्निव्हल, तो रद्द झाला नाही, आणि त्या ‘मध्यरात्रीच्या चहा’चीच सोंगं लोकांनी काढली.

मग २०२१. या वेळी मात्र शहर खरोखर थांबलं. का? सांबाची पथकं स्वतःच म्हणाली, नको. या पथकांत शिवणकाम करणाऱ्या बाया महिनोन्‌महिने एका शेडमध्ये बसून काम करतात, ढोलवाले खांद्याला खांदा लावून सराव करतात, आणि ज्येष्ठांना तिथे मानाची जागा असते. करोनात हे कसं जमायचं? जुलैत करू असंही निघालं होतं, पण महापौरांनी जानेवारीत तेही नाही म्हणून सांगितलं. मिरवणुकीसाठी बांधलेल्या सांबाद्रोममध्ये त्या वर्षी लोक लस घ्यायला गेले.

आणि २०२२? पथकांची मिरवणूक फेब्रुवारीतून ढकलली एप्रिलवर. हो, पुन्हा एप्रिल. ग्रांदे रिओ नावाचं पथक तेव्हा मिरवणुकीच्या स्पर्धेत पहिल्यांदा जिंकलं. रस्त्यावर नाचत-वाजवत फिरणाऱ्या टोळ्यांना मात्र नगरपालिकेने परवानगी दिली नव्हती. तरी त्या निघाल्याच, ढोल-ताशे, बिगुल, सगळं घेऊन.

नमस्कार.