पहिलं घर आणि १८० रुपयांची बादली

(हातात निळी प्लास्टिकची बादली. कॅमेऱ्यासमोर धरून.)

ही बादली नीट बघून घ्या. धायरीच्या नाक्यावरून १८० रुपयांना आणलीये. ४० लाखांच्या घरात राहायला आले, त्या पहिल्या रात्री हीच नव्हती. आईने मीठ दिलं होतं, केरसुणी दिली होती, तांदूळ, कणीक, देवाचा छोटा फोटो, सगळं सगळं. बादली कुणाच्याच डोक्यात आली नाही. सकाळी सहाला नळाला पाणी आलं आणि मी कुकरच्या भांड्यात पाणी भरून आंघोळ केली.

नमस्कार. बरेच दिवस तुम्ही विचारताय, एकटीने घर कसं घेतलंस, किती पैसे लागले. आज खरेखुरे आकडे सांगते. मी शनिवार पेठेतल्या एका वाड्यात वाढले. भाड्याच्या दोन खोल्या, पाच माणसं आणि एक शिलाई मशीन, जे कुणी वापरत नाही पण हलवायचंही नाही. तिथून धायरीत एक बीएचके, रिसेल. २०१७ मध्ये ११ गावं पुणे महापालिकेत आली, धायरी त्यातलंच.

मी काय गाढवपणा केला ते आधी ऐका. ४० लाखांचा फ्लॅट, बँक ८० टक्के देते, म्हणजे ३२ लाख मिळणार, आपले ८ लाख घालायचे. माझ्याकडे साडेदहा जमले होते. म्हटलं, आपण तर श्रीमंत आहोत! लगेच १ लाख विसार देऊन टाकला.

मग बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा माणूस, आला. दहा मिनिटं फिरला, खिडकीतून खाली डोकावला, गेला. आणि रिपोर्टमध्ये लिहिलं, ३८ लाख.

आता बँक काय करते, तर करारातली किंमत आणि व्हॅल्युएशन यातलं जे कमी, त्यावर टक्केवारी लावते. ३८ चे ८० टक्के म्हणजे ३० लाख ४० हजार. एका कागदाने माझे १ लाख ६० हजार खाल्ले. विकणारे काका काही किंमत कमी करेनात, आणि विसारपावतीत मी 'कर्ज मंजूर न झाल्यास किंवा कमी झाल्यास विसार परत' ही ओळ घातलेली नव्हती. ती ओळ तुम्ही घाला. लाजू नका. समोरचा 'अहो, विश्वास नाही का?' म्हणेल. म्हणू दे.

(पाटीवर लिहीत.)

आता हा हिशोब बघा. घरातून घातलेले ९ लाख ६० हजार. मुद्रांक शुल्क २ लाख ४० हजार. नोंदणी ३० हजार. एजंटची दलाली १ टक्का ठरली होती, ४० हजार. सोसायटीचे २५ हजार ६००. बेरीज १२ लाख ९५ हजार ६००. यात वकील नाही, बँकेची प्रोसेसिंग फी नाही, आणि एकही पंखा नाही.

मुद्रांक आणि नोंदणीसाठी बँक कर्ज देत नाही. एवढ्या किमतीच्या घराला तो खर्च कर्जाच्या हिशोबात धरायचाच नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणून 'किती लाखाचा घेऊ' हा प्रश्न नंतर. आधी खात्यात रोख किती, ते बघा.

आता मुद्रांक शुल्क. पुण्यात ७ टक्के, पण राहत्या घराची खरेदीदार बाई असेल तर ६. सगळ्या खरेदीदार बायकाच हव्यात, बरं का. बाबांना वाटत होतं, माझं नाव पण असू दे, एकटी मुलगी, उद्या काही झालं तर. मी म्हटलं, बाबा, तुमचं नाव ४० हजाराला पडतंय. आईचं घालते. आईने इतकी वर्षं कधी कुठल्या कागदावर सही केली नव्हती, रेशनकार्ड सोडून. पूर्वी ही सवलत घेतली की १५ वर्षं ते घर पुरुषाला विकता येत नसे. ती अट २०२३ मध्ये गेली. आणखी एक, मुद्रांक तुमच्या किमतीवर लागतो की रेडीरेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमतीवर, तर जी जास्त असेल तिच्यावर. त्यामुळे स्वस्तात मिळालं म्हणून फार नाचू नका.

नोंदणी १ टक्का, पण ३० हजाराच्या वर नाही.

साठेखत, म्हणजे खरेदीचा करार, नोंदवायला आम्ही हवेली तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात गेलो. तिथे अंगठ्याच्या मशीनवर आईचा अंगठा उमटेचना. पस्तीस वर्षं भांडी घासून बोटाच्या रेषा गेल्यात, असं ती स्वतःच त्या मुलाला सांगत होती. त्याने ओलं फडकं दिलं, मग पावडर दिली, मग दुसरं बोट. सातव्या वेळी उमटला. कॅमेऱ्यात फोटो काढताना आई इतकी ताठ बसलीये, जणू निवडणुकीचा फॉर्म भरायला आलीये. तो फोटो आता त्या दस्तात कायमचा आहे.

आता कागद. इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा, बघा. मागची खरेदी कुणाची, कितीला, सगळं त्यात असतं. नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्च आहे, घरबसल्या शोधता येतं. इमारतीला भोगवटापत्र, म्हणजे राहायला परवानगी असल्याचा दाखला, आहे का, आपल्याकडे सगळे त्याला कंप्लीशन म्हणतात, ते डोळ्यांनी बघा. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट मूळ आहे का बघा. आणि क्षेत्रफळ! एजंट मला '६०० चा फ्लॅट' म्हणत होता. दस्तात ३८ चौरस मीटर कारपेट, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा. गुणिले १०.७६४ करा. ४०९ चौरस फूट. बाकीचे १९१ फूट जिना, पॅसेज आणि एजंटची कल्पनाशक्ती.

नव्या बांधकामात घेत असाल तर वेगळा खेळ आहे, त्याचा वेगळा व्हिडिओ करीन. एवढं लक्षात ठेवा, महारेराचा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नंबर बघायचा, नोंदणीकृत करार होईपर्यंत बिल्डरला १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही, आणि कंप्लीशनच्या आधी घेतलं तर वर जीएसटी. पुण्यात ४५ लाखांपर्यंत आणि ९० चौरस मीटरच्या आत असेल तर १ टक्का, नाहीतर ५. माझं जुनं घर, मला तो लागला नाही.

सोसायटी! सेक्रेटरी काका फार गोड माणूस. चहा दिला, बाकरवडी दिली, आणि म्हणाले, ताई, ट्रान्सफरचे ५१ हजार ऐच्छिक देणगी म्हणून द्या. मी विचारलं, ऐच्छिक म्हणजे माझ्या इच्छेने ना? महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे ट्रान्सफरचा प्रीमियम, २५ हजारांच्या वर घेता येत नाही, वर ५०० हस्तांतरण फी आणि १०० प्रवेश फी. मी एवढंच म्हटलं, काका, ५१ ची पावती आणि ठराव लेखी द्या, लगेच चेक देते. काका हसले. २५ हजार ६०० ची पावती दुसऱ्या दिवशी घरपोच आली. आता त्यांच्याच बायकोकडे मी भाकरी शिकते.

तर ते १ लाख ६० हजार, आणि त्यावरचे बाकीचे. मी आरडी मोडली, मैत्रिणीकडून थोडे घेतले. तरी लाखभर कमी पडत होते. घरी सांगितलं नव्हतं. पण वाड्यात दोन खोल्यांत पाच माणसं असली की फोनवर हळू बोलून काही उपयोग नसतो. आईची भिशी आहे, २० बायका, महिन्याला ५ हजार. तिचा नंबर डिसेंबरात होता. ती शेजारच्या काकूंकडे गेली, त्यांचा ऑगस्टचा नंबर बदलून घेतला, आणि कापडी पिशवीत १ लाख रुपये माझ्या ताटाशेजारी ठेवून म्हणाली, 'आमटी गार होतीये.'

मी ते खात्यात भरले. आईने दिलेल्या पैशावर कर लागत नाही, पण एवढी रक्कम पिशवीतून नेण्यापेक्षा आईच्या खात्यातून माझ्या खात्यात घेतली असती तर बँकेला दाखवायला सोपं गेलं असतं. ते मला नंतर कळलं.

हप्ता. ३० लाख ४० हजार, साडेआठ टक्के, २० वर्षं. महिन्याला साधारण २६,३८०. पहिल्या हप्त्यातले २१ हजार ५०० च्या वर व्याजात गेले, मुद्दल फिटली ५ हजाराच्याही आत. ते स्टेटमेंट बघून मला रडूच आलं होतं. दर वर्षी एक हप्ता जास्तीचा भरला तर कर्ज जवळपास तीन वर्षं आधी संपतं, आणि फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर आधी भरल्याचा दंड घेता येत नाही. मी दिवाळीचा बोनस त्यातच घालणार आहे. घालणार आहे असं म्हणतेय, कॅमेऱ्यासमोर, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

आणि मिळकतकर. पुण्यात स्वतः राहत असाल तर ४० टक्के सवलत आहे. माझ्या आधीच्या मालकांनी घर भाड्याने दिलं होतं, त्यामुळे त्यांची सवलत गेलेली, आणि बिल तसंच चालू. पीटी-३ नावाचा अर्ज भरून द्यावा लागतो, आपण स्वतः राहतो याच्या पुराव्यासकट. घर दाखवणाऱ्या एकानेही मला हे सांगितलं नाही.

पाण्याचं मात्र मी विचारलं होतं. २०२५ च्या जानेवारीत याच सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएस या नसांच्या आजाराचे रुग्ण निघाले आणि संशय पाण्यावर गेला, तेव्हापासून इकडे घर बघायला येणारा प्रत्येक जण विचारतो, पाणी कुठून येतं. तुम्ही पुढचा प्रश्नही विचारा: किती वाजता येतं, आणि उन्हाळ्यात टँकरचे मेंटेनन्समध्ये किती वाढतात. शक्यतो वॉचमनला विचारा, सेक्रेटरीला नाही.

घरी रविवारी जाते. माझ्या कॉटवर भावाने पुस्तकं पसरलीत, अगदी तिसऱ्याच दिवशी. आजी अजून रोज रात्री दाराची कडी घालण्याआधी विचारते, पोरगी आली का. आई सांगते, ती तिच्या घरी आहे. आजी म्हणते, बरं, मग घाल कडी.

(आतून नळाचा आवाज.)

आलं वाटतं पाणी. आठला जातं. थांबा, बादली लावून येते.