दोन गाण्यांमधली दोन मिनिटे

(दृश्य : भरलेले नाट्यगृह. गाणे संपते, टाळ्या पडतात. कॅमेरा तबल्याजवळ जातो.)

गाणे संपले आहे आणि टाळ्या चालू असताना सगळ्यांच्या नजरा गायिकेवर आहेत. आपण तिच्या बाजूला बसलेल्या तबलावादकाकडे पाहू. आत्ताचे गाणे काळी ५ या पट्टीत होते, म्हणजे पेटीच्या सप्तकातली पाचवी काळी पट्टी ‘सा’ धरून गायले होते. पुढचे गाणे पुरुष गायकाचे असून ते काळी १ मध्ये आहे. मघाच्या गाण्याच्या पंचमाला, म्हणजे ‘प’ला, लावलेला लहान तोंडाचा तबला आता उपयोगाचा नाही. वादक तो चुंबळीसकट बाजूला सरकवतो, दुसरा तबला पुढ्यात घेतो, चाटेवर, म्हणजे तबल्याच्या तोंडाच्या कडेवर, बोटाने हलकेच आघात करून कान जवळ नेतो आणि गजऱ्यावर, म्हणजे तोंडाभोवतीच्या चामडी वेणीवर, हातोडीचे दोन-तीन ठोके देतो. ठोका वरून बसला की स्वर चढतो, खालून बसला की उतरतो. हा तबला त्याने पडदा उघडण्यापूर्वीच लावून ठेवला होता. परंतु सभागृहातील थंडावा आणि वरून पडणारा दिव्यांचा ताप यांमुळे पुडीचे, म्हणजे तोंडावरचे, चामडे कधी सैल पडते, कधी ताणले जाते आणि लावलेला स्वर तासाभरात जागचा हलतो.

याच वेळी बासरीवादक पिशवीतून लांब बासरी काढून तीत नुसती फुंकर घालत आहे, कारण गार बासरीचा स्वर किंचित उतरलेला असतो. गिटारवादक एक तार पुन्हा जुळवत आहे. ऑक्टोपॅड या इलेक्ट्रॉनिक तालवाद्याचा वादक पुढच्या गाण्याचे आवाज लावून घेत आहे. कीबोर्डवादकाचे काम सर्वांत सोपे, ट्रान्सपोजचे, म्हणजे पट्टी बदलण्याचे, एक बटण दाबले की संपले. आणि म्हणूनच ते विसरण्याची शक्यताही सर्वांत अधिक. मागच्या गाण्याची पट्टी तशीच राहिली तर पहिल्या स्वरालाच सगळा वाद्यवृंद एकीकडे आणि कीबोर्ड दुसरीकडे जातो, आणि तो प्रकार झाकण्याचा कोणताही उपाय नाही.

ही सगळी कामे होण्यास साधारण एक ते दोन मिनिटे लागतात. तेवढा वेळ प्रेक्षकांना सांभाळून घेणे हे निवेदकाचे काम.

(दृश्य : विंगेजवळ उभा असलेला निवेदक, हातात कार्डे.)

मराठी रंगमंचावर या कामाला विशेष प्रतिष्ठा आहे. सुधीर गाडगीळ, भाऊ मराठे, मंगला खाडिलकर यांच्यासारख्यांनी निवेदन ही स्वतंत्र कला म्हणून रुजवली, आणि गाण्याच्या कार्यक्रमाच्या जाहिरातीत गायक-वादकांबरोबर निवेदकाचेही नाव छापण्याची आपल्याकडे रीत आहे. या प्रथेची मुळे शोधताना गीतरामायणाचे उदाहरण डोळ्यांसमोर येते. ग. दि. माडगूळकरांची आणि सुधीर फडक्यांच्या संगीताने नटलेली ही ५६ गीते १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक याप्रमाणे प्रसारित झाली. आकाशवाणीवर दोन गीतांमध्ये सात दिवस होते. रंगमंचावर तीच गीते पाठोपाठ येऊ लागली तेव्हा एका प्रसंगातून दुसऱ्या प्रसंगात श्रोत्यांना नेण्यासाठी बोलणे आवश्यक ठरले. तिथे निवेदनाला कथेचा धागा आयता मिळतो, आणि एकच गायक सगळी गीते गात असेल तर पट्टी बदलण्याची यातायातही उरत नाही. चित्रपटगीतांच्या कार्यक्रमात यांपैकी काहीच नसते. प्रेमगीतानंतर लावणी येते, लावणीनंतर भक्तिगीत, आणि या तिघांना जोडणारे वाक्य निवेदकाला घडवावे लागते.

जाणकार निवेदक बोलताना समोर बघतो, पण त्याचे अर्धे लक्ष तबलावादकाच्या हाताकडे असते. हातोडी खाली ठेवली गेली की त्याने दोन वाक्यांत विषय संपवायचा असतो. ठोके चालूच राहिले तर तेच बोलणे थोडे लांबवायचे असते, आणि ते लांबवले आहे हे कोणाला कळू द्यायचे नसते. शेवटचे वाक्य कोणत्या शब्दावर संपणार हे वादकांशी आधीच ठरलेले असते, कारण त्या शब्दाच्या शेपटावरच तालाची मोजणी सुरू होते. त्या वाक्याखाली कीबोर्डवादक पुढच्या गाण्याचा षड्ज, म्हणजे ‘सा’, अगदी हळू धरून ठेवतो. श्रोत्यांना तो वातावरणनिर्मितीचा भाग वाटतो, प्रत्यक्षात गायकाला सूर दिला जात असतो.

गाण्याचे नाव निवेदनात सांगावे की नाही, याबद्दल मतभेद आहेत. आमच्या मते ओळखीच्या गाण्याचे नाव मुळीच सांगू नये. नाव उच्चारताच टाळ्या पडतात आणि ज्या सुरावटीसाठी वादकांनी तालमी केल्या ती त्या टाळ्यांत बुडते. नाव राखून ठेवले तर पहिल्या चार स्वरांत गाणे ओळखल्याचा आनंद श्रोत्यांना स्वतःचा म्हणून मिळतो. तसेच बंगल्याच्या गच्चीवर सुचलेली चाल, रेल्वेच्या तिकिटामागे लिहिलेला मुखडा असल्या आख्यायिका दर कार्यक्रमात ऐकून श्रोते कंटाळले आहेत, हेही निवेदकांनी एकदा मनावर घ्यावे.

(दृश्य : प्रेक्षागृहातून आवाज, "वन्स मोअर!")

बसवलेली सगळी घडी विस्कटते ती या दोन शब्दांनी. संगीत नाटकापासून चालत आलेला हा हक्क मराठी प्रेक्षक सोडत नाही. तोवर तबला बदललेला असतो, बासरी पिशवीत गेलेली असते आणि आता सगळे उलट्या क्रमाने पुन्हा करायचे असते. अशा वेळी निवेदकाने मध्ये न बोलणेच इष्ट. गायिकेने हसून दोन शब्द बोलावेत, तेवढ्यात वादक सज्ज होतात.

खरे तर हे विराम मुख्यत्वे गाण्यांचा क्रम लावतानाच सांभाळले जातात. काळी १ हा स्वर काळी ४ चा मध्यम, म्हणजे ‘म’, आहे. त्यामुळे काळी १ च्या गाण्यानंतर काळी ४ चे गाणे ठेवले आणि त्यात शुद्ध मध्यम असला, तर काळी १ च्या ‘सा’ला लावलेला तोच तबला चालतो आणि विराम जवळजवळ नाहीसा होतो. जिथे पट्टी बदलणे अटळ आहे तिथेच लांब निवेदन, सत्कार किंवा मध्यंतर ठेवायचे असते.

(दृश्य : गणेशोत्सवातील उघड्यावरचा मंच, रात्र.)

उघड्यावरच्या कार्यक्रमात हे गणित अधिकच कडक होते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. खास सवलतीच्या मोजक्या दिवशीच मध्यरात्रीपर्यंत परवानगी मिळू शकते. संध्याकाळी ७ वाजता सुरू झालेल्या कार्यक्रमात २५ गाणी आणि प्रत्येक दोन गाण्यांमध्ये दोन मिनिटे धरली, तर ४८ मिनिटे विरामांतच जातात. त्या वेळात पाच-पाच मिनिटांची नऊ गाणी बसली असती. त्यातच दवामुळे तबला उतरतो, पाहुणे उशिरा येतात आणि त्यांचे भाषण कोणालाच थांबवता येत नाही. पावणेदहाच्या सुमारास कार्यकर्ता विंगेतून घड्याळ दाखवू लागला की निवेदनाची कार्डे खिशात जातात. हे ठाऊक असल्यामुळे मुरलेले वाद्यवृंद शेवटची तीन-चार गाणी एकाच पट्टीत आणि एकाच गायकाकडे ठेवतात, म्हणजे एकाचा शेवटचा ठेका पुढच्याच्या पहिल्या मात्रेला जोडून घेता येतो.