आईचं अक्षर

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्याकडे बारशाआधी गुरुजी पत्रिका पाहून अक्षर सांगतात. मग आत्या आणि मामा त्या अक्षराची नावं शोधत बसतात. जर्मनीत शर्यतीच्या घोड्यांनाही असं अक्षर असतं. ते नक्षत्रावरून येत नाही, आईवरून येतं. घोडीचं नाव 'आ'नं सुरू होत असेल, तर तिच्या शिंगराचं नावही 'आ'नंच. बाप कितीही नावाजलेला असू दे, अक्षर आईचं. हे तेवढं लक्षात ठेवा, श्रोतेहो. अक्षर आईचं. आजची गोष्ट त्याच्याच भोवती फिरते.

कोलोन शहराच्या पश्चिमेला बेर्गहाइमजवळ श्लेंडरहान नावाचा स्टड फार्म आहे, म्हणजे घोड्यांच्या पैदाशीचं ठिकाण. बँकर घराण्यातल्या बॅरन एडुआर्ड फॉन ओपेनहाइम यांनी तो १८६९ साली सुरू केला. खाजगी मालकीचा जर्मनीतला हा थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीच्या घोड्यांचा, सर्वांत जुना स्टड. त्याच्या जॉकींचा पोशाख लाल, बाह्या निळ्या, टोपी काळी. १९०८ साली या रंगांनी पहिल्यांदा जर्मन डर्बी ही मानाची शर्यत जिंकली. त्या घोड्याचं नावच 'झीगर' होतं, म्हणजे विजेता. आजवर श्लेंडरहाननं १९ डर्बी जिंकल्या आहेत.

त्यांचा ओलेआंडर दोन वर्षांचा असताना त्याच्या कमरेचं हाड मोडलं होतं. तो त्यातून उठला आणि १९२७, १९२८, १९२९ अशी लागोपाठ तीन वर्षं बाडेनची मोठी शर्यत जिंकला. १९४० ची डर्बी श्वार्त्सगोल्ड या घोडीनं घोड्यांना मागे टाकून जिंकली. नावाचा अर्थ काळं सोनं. तिच्या लेकीचं नाव श्वार्त्सब्लाउरोट, म्हणजे काळा-निळा-लाल, स्टडचेच रंग. अक्षर पुन्हा आईचंच. श्वार्त्सगोल्डच्या खापरपणतूनं, स्लिप अँकरनं, १९८५ साली इंग्लंडमधली एप्सम डर्बी जिंकली.

ओपेनहाइम घराण्याचं मूळ ज्यू. नात्झी राजवटीत स्टड एसएस या हिटलरच्या संघटनेनं बळकावला, युद्धानंतर तो घराण्याकडे परत आला. वाल्डेमार फॉन ओपेनहाइम गेल्यावर त्यांच्या पत्नी गाब्रिएले यांनी स्टड सांभाळला, त्यांच्यानंतर मुलगी कारिन फॉन उलमान यांनी. म्हणजे घोड्यांची अक्षरंच नव्हे, स्टडही आईकडून लेकीकडे गेला.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी आज इथे बसलो आहे.

श्लेंडरहानमध्ये आनाटेव्का नावाची घोडी होती. स्टडचाच लोम्बार्ड हा घोडा तिला दिला आणि त्या जोडीला दोन मुली झाल्या. आलेग्रेटा आणि आल्या. आई एक, बाप एक, अक्षर एक. सख्ख्या बहिणी. आलेग्रेटा विकली गेली, आल्या घरी राहिली. पुन्हा सांगतो, कारण इथून पुढे नात्यांचा गुंता आहे. आलेग्रेटा विकली गेली, आल्या घरी राहिली.

आलेग्रेटा १९७८ ची. इंग्लंडमध्ये धावली, फार नाव झालं नाही. तिथून अमेरिकेला गेली. १९८९ साली केंटकीत तिला एक मुलगी झाली. अमेरिकेत अक्षराचा नियम नाही, त्यामुळे मुलीचं नाव पडलं अर्बन सी. तिथे 'आ' तुटला.

ही अर्बन सी १९९३ साली पॅरिसला आर्क द त्रिओम्फच्या शर्यतीत उतरली. युरोपातली ही सर्वांत मानाची शर्यत, २४०० मीटरची. भाव होता एकाला ३७, म्हणजे कुणी तिला धरतच नव्हतं. घोडीवर एरिक सँ-मार्तँ. त्याच्या वडिलांनी, इव्ह सँ-मार्तँ यांनी, ही शर्यत चारदा जिंकलेली, त्यामुळे पोराच्या खांद्यावर केवढं ओझं असेल ते ध्यानात घ्या. सरळ पट्टीत आल्यावर त्यानं तिला आतल्या रेलिंगच्या बाजूनं काढलं आणि अर्बन सीनं शर्यत मारली.

आणि ही तर नुसती सुरुवात. पुढे अर्बन सीला गॅलिलिओ झाला. २००१ च्या जून महिन्यात फ्रेंच डर्बी अनाबा ब्ल्यूनं जिंकली आणि एप्सम डर्बी गॅलिलिओनं. हे दोघे कोण? सख्खे मावसभाऊ! दोघेही आलेग्रेटाच्या मुलींची मुलं. त्याच्या आदल्या वर्षी इंग्लंडची टू थाउजंड गिनीज जिंकणारा किंग्ज बेस्ट हा आलेग्रेटाचा मुलगा, म्हणजे या दोघांचा मामा. २००९ साली गॅलिलिओचा धाकटा भाऊ सी द स्टार्स यानं एप्सम डर्बी जिंकली आणि आईनं मारलेली आर्कही मारली. गॅलिलिओ स्वतः ब्रिटन-आयर्लंडमध्ये १२ वेळा अव्वल बापघोडा ठरला. एकदाही न हरलेला फ्रँकेल हा त्याचाच मुलगा.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण हे मला मनापासून बोलायचं आहे. माझ्याकडे माझ्या आईच्या आजोळचा कुलवृत्तांत आहे. जाड पुस्तक, पानंच्या पानं मुलगे, नातू, पणतू. माझ्या आईच्या आईचं नाव त्यात एकदाच येतं आणि पुढे कंसात 'विवाहित' लिहून ओळ संपते. तिची पाच मुलं, तिनं सांभाळलेलं घर, सगळं त्या कंसात बंद. घोड्यांच्या वंशावळीत असं होत नाही. तिथे घराणं म्हणजे आईचं घराणं, घोडीमागे घोडी. आपल्या घरी कुलवृत्तांत असेल तर मुलींच्या नावापुढे त्यांच्या लेकरांची नावं पेनानं लिहा. आजच लिहा. आजी आहे तोवर विचारून घ्या.

बरं. घरी राहिलेली आल्या विसरला नाहीत ना? आल्याला झाली आयाना. आयानाला झाला आडलरफ्लुग, म्हणजे गरुडाची झेप. पाहा, इथे 'आ' कुठेच तुटलेला नाही. अर्बन सी आणि आयाना मावसबहिणी, म्हणून गॅलिलिओ आणि आडलरफ्लुग मावसबहिणींची मुलं. आडलरफ्लुगनं २००७ ची जर्मन डर्बी ओल्या मैदानावर लाल-निळ्या पोशाखात जिंकली आणि तोही बापघोडा म्हणून स्टडवर आला.

त्याच स्टडचा आणखी एक बापघोडा मोन्झून, हा आपला मान्सूनच बरं का, जर्मन नावाचा. आई मोझेला, म्हणून 'म'. उतारवयात त्याची दृष्टी गेली, पण त्याच्या मुलांनी ऑस्ट्रेलियातला मेलबर्न कप तीनदा जिंकला. त्याची गोष्ट सांगायला बसलो तर आजची वेळ पुरणार नाही.

आता २०२१ साल. वसंतात आडलरफ्लुग गेला. जुलैत गॅलिलिओ गेला. एकाच वर्षात दोन्ही बहिणींचे नातू गेले आणि ऑक्टोबरात पॅरिसला आर्क आली. मैदान भिजलेलं. जर्मनीतून आलेल्या टॉर्क्वाटर टासोवर लोकांचा विश्वास नव्हता, भाव एकाला ७२. टासो मैदानाच्या मध्यातून पुढे सरकत आला आणि शेवटच्या काही ढांगांत आघाडीला आला. तो जिंकला. तो आडलरफ्लुगचा मुलगा. तिसरा आला हरिकेन लेन, चौथा आला अदायार. दोघेही फ्रँकेलची मुलं, म्हणजे गॅलिलिओचे नातू.

पहिला घरी राहिलेल्या आल्याच्या वंशातला, तिसरा आणि चौथा विकलेल्या आलेग्रेटाच्या वंशातले. सगळ्यांची मूळ आजी आनाटेव्का. आणि टासोच्या नावात 'आ' का नाही, असं कुणी विचारेल, तर त्याची आई टिहुआना. अक्षर आईचं.

नमस्कार.