खाडीच्या पाटीवरचं नाव : डॉन एडवर्ड्स

(दृश्य : विमानाच्या खिडकीतून खाडी. खाली रंगीत चौकोन.)

सॅन फ्रान्सिस्कोला उतरताना विमानात खिडकीची जागा मिळाली असेल, तर ही जागा तुम्ही पाहिलेली आहे. विमान खाडीवर येतं आणि खाली रंगांचे तुकडे दिसायला लागतात. एक हिरवट, त्याच्या शेजारी नारिंगी, पलीकडे विटकरी, मध्येच एखादा चक्क गुलाबी. पहिल्यांदा येणारा माणूस शेजाऱ्याला विचारतो, हे काय आहे? मुलुंड-भांडुपकडे, उरणला, पेणला वाढलेल्या माणसाला विचारावं लागत नाही. मिठागरं कुठलीही असोत, ती ओळखू येतात.

हे रंग पाण्यातल्या जिवांचे आहेत. खाडीचं पाणी एका कोंडीतून, म्हणजे बांध घातलेल्या उथळ तळ्यातून, दुसऱ्या कोंडीत सोडत नेतात. उन्हाने ते आटत जातं, खारटपणा वाढतो, तसे त्यात तग धरणारे जीव बदलतात. आधी हिरवं शेवाळ, मग नारिंगी झाक देणारी इवलीशी कोळंबी, आणि शेवटी जिथे दुसरं काहीच जगत नाही तिथे लाल रंगाचे सूक्ष्म जीव. भरतीबरोबर आत आलेल्या पाण्याचं मीठ व्हायला इथे जवळपास पाच वर्षं लागतात.

(दृश्य : रस्त्याकडेची पाटी. मागे डंबार्टन पूल.)

आपण उभे आहोत फ्रीमाँट आणि नेवार्क या शहरांच्या कडेला. या भागात कितीतरी मराठी घरं आहेत. रोज हा पूल ओलांडून लोक ऑफिसला जातात, येतात. पुलाच्या या टोकाला ही पाटी आहे : डॉन एडवर्ड्स सॅन फ्रान्सिस्को बे राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्य.

अभयारण्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर झाडी येते. इथे मोठं झाड शोधावं लागतं. आहे तो चिखल, खाजण, बांध आणि आकाश. सुमारे ३०,००० एकर. आणि ज्यांचं नाव याला दिलंय ते डॉन एडवर्ड्स कोण, हे मला बरीच वर्षं माहीत नव्हतं. पाटी वाचायची आणि पुढे जायचं. एका रविवारी गाडी थांबवली आणि खाली उतरले, तिथून ही गोष्ट माझ्यासाठी सुरू झाली.

(दृश्य : जुनी छायाचित्रं. भराव, ट्रक, कचऱ्याचे ढीग.)

या किनाऱ्यावर मीठ आधीपासून होतं. इथले मूळ रहिवासी ओलोनी लोक ते गोळा करायचे. १८५० च्या दशकात बांध घालून धंदा सुरू झाला आणि पुढच्या शंभर वर्षांत दक्षिण खाडीचं बहुतेक खाजण मिठागरांखाली गेलं. उरलेल्यावर दुसऱ्या महायुद्धानंतर भराव पडू लागला. घरं हवीत, विमानतळ हवेत, कचरा टाकायला जागा हवी, आणि खाडीचा काठ म्हणजे पडीक जमीन, हाच तेव्हाचा हिशेब. १९६१ मध्ये बर्कलीच्या तीन बायकांनी खाडी वाचवण्याची चळवळ उभी केली : कॅथरीन कर, सिल्व्हिया मॅक्लॉफलिन आणि एस्थर गुलिक. १९६५ मध्ये भरावावर नियंत्रण ठेवणारा आयोग आला.

पण भराव थांबवणं वेगळं आणि जागा पाखरांच्या नावावर करून देणं वेगळं. दक्षिण खाडीत ही दुसरी कल्पना मांडली सँटा क्लारा काउंटीचे एक नियोजन अधिकारी आर्ट ओगिल्वी यांनी. त्यांनी माणसं जमवली. त्यात पालो आल्टोच्या फ्लॉरेन्स लारिव्हिएर होत्या, मुलांना घेऊन खाजणात फिरायला जाणाऱ्या एक गृहिणी. ही मंडळी आपल्या खासदाराकडे गेली. ते खासदार म्हणजे डॉन एडवर्ड्स.

(दृश्य : एडवर्ड्स यांचं छायाचित्र.)

जन्म १९१५, सॅन होजेचा. तरुणपणी एफबीआयमध्ये नोकरी, मग युद्धात नौदल. राजकारणाची सुरुवात रिपब्लिकन म्हणून. कॅलिफोर्नियातल्या तरुण रिपब्लिकनांचे ते अध्यक्ष होते. पुढे डेमोक्रॅट झाले आणि १९६३ पासून १९९५ पर्यंत सलग ३२ वर्षं वॉशिंग्टनमध्ये प्रतिनिधिगृहात बसले. तिथे त्यांचं नाव झालं ते नागरी हक्कांसाठी. कृष्णवर्णीयांचा मताधिकार, स्त्रियांचे समान हक्क, या कायद्यांच्या मागे ते वर्षानुवर्षं उभे राहिले. एके काळी ज्या एफबीआयचे ते एजंट होते, तिच्यावरच पुढे संसदीय समितीतून त्यांनी लक्ष ठेवलं.

असा माणूस चिखलासाठी विधेयक आणतो, एकदा होत नाही म्हणून पुन्हा आणतो, याचं मला फार अप्रूप वाटतं. खाजणातल्या उंदराला मत नसतं. तिथली पाणकोंबडी देणगी देत नाही. मतदारसंघातली दहा-वीस माणसं येऊन सांगतात आणि त्यांचा खासदार ते स्वतःचं काम मानतो.

१९७२ मध्ये कायदा झाला. २३,००० एकरांपर्यंत जागा घ्यायची परवानगी मिळाली. मिठाच्या कंपनीकडून जमीन घेतली तरी काही कोंड्यांवर मीठ पिकवण्याचा तिचा हक्क राहिला, म्हणून आजही इथे एकीकडे मीठ निघतं आणि त्याच बांधावर पाखरं बसतात.

कायदा झाला की मंडळी पांगतात, हे आपण सगळीकडे पाहतो. इथे तसं झालं नाही. १९८५ मध्ये लारिव्हिएर आणि त्यांच्या सोबत्यांनी पुन्हा समिती बांधली. राहिलेली खाजणं हातची जाण्याआधी अभयारण्य पूर्ण करा, एवढीच मागणी, आणि समितीचं नावही तेच. ते पुन्हा एडवर्ड्स यांच्याकडे गेले. १९८८ मध्ये मर्यादा ४३,००० एकरांवर गेली.

(दृश्य : ओहोटी. चिखलावर पाखरांचा थवा. काही वेळ निवेदन नाही, फक्त आवाज.)

ओहोटीला इथे कान देऊन उभं राहिलं, तर चिखलातून बारीक बुडबुडे फुटल्यासारखा आवाज येतो. ही तुतारी पाखरं पाहा. अलास्काकडून आलीत, मुठीत मावतील एवढी. चिखलावरचा बुळबुळीत थर ती जिभेने खरवडून खातात. तो लांब गुलाबी पायांचा, आपल्या शेकाट्याचा चुलतभाऊ. ती वर वळलेली चोच उचाट्याची.

आणि ही पायाशी असलेली बुटकी, सांध्यासांध्यांची वनस्पती. इथले लोक तिला पिकलवीड म्हणतात. जास्तीचं मीठ ती टोकाच्या पेरांत साठवते, पेरं लाल होतात आणि गळून पडतात. शरद ऋतूत सगळं खाजण त्यामुळे लालसर दिसतं. तिच्या गर्दीत दहा-बारा ग्रॅम वजनाचा एक उंदीर राहतो. तो खारं पाणी पिऊ शकतो, पोहतो, आणि या खाडीच्या काठाशिवाय जगात कुठेही सापडत नाही. उधाणाची भरती आली की तो उंच झुडपांच्या शेंड्यांवर चढून बसतो. खाजण अरुंद झालं, की चढायला झुडूप उरत नाही.

(दृश्य : पुन्हा पाटी, जवळून.)

१९९५ च्या जानेवारीत एडवर्ड्स निवृत्त झाले. त्याच वर्षी अभयारण्याचं नामकरण झालं. एक गोष्ट मला मनापासून आवडली. नाव बदलताना जुनं पुसलं नाही. सॅन फ्रान्सिस्को बे हे खाडीचं नाव जागेवर ठेवलं आणि त्याच्या आधी माणसाचं नाव जोडलं.

अशीच दुसरी जागा फिलाडेल्फियाला आहे. टिनिकम नावाची पाणथळ. तिलाही १९७२ मध्येच कायद्याचं संरक्षण मिळालं, आणि तिच्यासाठी झटलेले सिनेटर जॉन हाइन्झ १९९१ मध्ये विमान अपघातात गेल्यावर तिला त्यांचं नाव दिलं. नावं बहुतेक वेळा अशीच लागतात, माणूस गेल्यावर. एडवर्ड्स मात्र तेव्हा ८० वर्षांचे होते आणि पुढे वीस वर्षं जगले. त्या वीस वर्षांतच खाडीला तिचं पाणी परत मिळायला लागलं.

२००३ मध्ये मिठाच्या कंपनीकडून दक्षिण खाडीतली १५,१०० एकर मिठागरं सरकारकडे आली. त्यात सिनेटर डायान फाइनस्टाइन यांचा मोठा वाटा होता. मिठागराचं पुन्हा खाजण करायचं ते असं : यंत्राने बांधाला भगदाड पाडायचं आणि भरतीला आत येऊ द्यायचं. प्रत्येक भरती थोडा गाळ आणते. काही कोंड्यांची जमीन भूजल उपशामुळे कितीतरी फूट खचली आहे, तिथे आधी नुसता गाळच भरत राहतो. पातळी पुरेशी वर आली, की पाण्याबरोबर वाहत आलेलं पिकलवीडचं बी रुजतं. लावायला कोणी जावं लागत नाही. २००६ मध्ये अल्व्हिसोजवळ तीन कोंड्यांचे बांध असे फोडले. सगळ्या कामाला पन्नास वर्षं धरली आहेत.

डॉन एडवर्ड्स २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये गेले. शंभरी पूर्ण केली होती. त्याच वर्षी ठाणे खाडीला फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण ठाण्याच्या खाडीकाठी वाढलेल्या मला ते एकत्रच आठवतं, कारण चिखलाचा वास दोन्हीकडे तोच आहे.

(दृश्य : पाटीपासून रस्ता ओलांडून छोटं खाजण. भरती चढते आहे.)

जाता जाता रस्त्याच्या या बाजूला या. हा पूर्वी मीठ जमवायचा शेवटचा वाफा होता, जिथे मिठाचे खडे धरायचे. आता इथे पिकलवीड आहे, मधून वाकडीतिकडी वाहळं आहेत. याला लारिव्हिएर खाजण म्हणतात. फ्लॉरेन्स आणि त्यांचे पती फिलिप यांच्या नावावरून. डॉन एडवर्ड्स यांच्या नावाच्या आत, त्यांच्या दारी येऊन बसलेल्या माणसांचं नाव.

दुपारचे तीन वाजलेत. वाहळात पाणी शिरलंय. पलीकडच्या काठावर एक करड्या रंगाची पाणकोंबडी उंच झुडपाखाली सरकली, लांब चोच तेवढी बाहेर ठेवून. थोडं थांबूया. पाणी अजून चढायचंय.