ट्रॅप खरंच पोचतो का?

मंडळी, स्टोरेज मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना नेटवर्क आणि लॉगिनच्या सेटिंगची पानं येतात. ती आपण बहुतेकदा ‘नेक्स्ट’ दाबत उरकतो. मला आज त्यांच्यावरच बोलायचंय, कारण रात्री दोन वाजता डिस्क गेली तर तुम्हाला कळणार की नाही, हे तिथेच ठरतं.

पत्त्याचं थोडक्यात सांगतो. मॉनिटरचा सर्व्हर डीएचसीपीवर, म्हणजे आपोआप वाटल्या जाणाऱ्या पत्त्यावर सोडू नका, स्थिर आयपी द्या. डीएनएसमध्ये, म्हणजे नावं आणि पत्त्यांच्या नोंदवहीत, सरळ (नावावरून आयपी) आणि उलट (आयपीवरून नाव), दोन्ही नोंदी आधी करून घ्या. बरीच सॉफ्टवेअर इन्स्टॉल होतानाच त्या नावाचं सर्टिफिकेट बनवतात. नाव मागाहून बदललं की ते नव्याने करावं लागतं. आयपी बदलला, तर ॲरे, म्हणजे डिस्क सांभाळणारं स्टोरेजचं यंत्र, जुन्याच पत्त्यावर सूचना पाठवत बसतो.

आता मुख्य गोष्ट. इथे बोलणं दोन दिशांनी चालतं. मॉनिटर ॲरेला विचारतो, ते पोर्ट ४४३ वर एचटीटीपीएसने किंवा यूडीपी पोर्ट १६१ वर एसएनएमपीने, म्हणजे उपकरणांवर नजर ठेवायच्या प्रोटोकॉलने. ॲरे आपणहून कळवतो तो ट्रॅप, आणि तो मॉनिटरच्या यूडीपी १६२ वर येतो. फायरवॉल टीमला पाठवायच्या विनंतीत पहिली दिशा सगळे लिहितात, दुसरी हमखास राहते. मग डॅशबोर्ड भरतो, आलेख दिसतात आणि काम झालं असं वाटतं. यूडीपीत पोचपावती नसते, त्यामुळे वाटेत ट्रॅप अडला तरी ॲरेला त्याचा पत्ता लागत नाही.

हे टेलनेटने तपासता येत नाही, ते टीसीपीपुरतंच आहे. मॉनिटरवर पोर्ट १६२ साठी टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं साधन) लावा आणि ॲरेवरून टेस्ट ट्रॅप सोडा. पॅकेट दिसलं म्हणून लगेच उठू नका. लिनक्सवर टीसीपीडंपला पॅकेट दिसतं ते त्याच मशीनच्या फायरवॉलच्या अलीकडे. पुढे ते अडू शकतं. सॉफ्टवेअरच्या इव्हेंट यादीत नोंद उमटली आणि तिचा मेल किंवा एसएमएस ड्यूटीवरच्या माणसाच्या फोनवर आला, तरच ट्रॅप पोचला म्हणा.

एसएनएमपीची आवृत्ती निवडताना माझा आग्रह तिसरीचाच आहे. व्ही२सी या जुन्या आवृत्तीतली कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे तिथला पासवर्डच, तारेवरून उघडी जाते, आणि कित्येक ठिकाणी ती अजून ‘पब्लिक’ हीच असते. व्ही३ ला २००२ मध्ये पूर्ण मानकाचा दर्जा मिळाला. ओळख पटवणं आणि मजकूर कूटबद्ध करणं, दोन्ही त्यात आहे. एक खाचखळगा मात्र लक्षात ठेवा. व्ही३ मध्ये पासवर्डपासून बनणारी किल्ली इंजिन आयडीशी, म्हणजे उपकरणाच्या एसएनएमपीतल्या ओळख क्रमांकाशी बांधलेली असते, आणि ट्रॅपच्या बाबतीत हा आयडी पाठवणाऱ्याचा, म्हणजे ॲरेचा असतो. ॲरेचा कंट्रोलर, म्हणजे त्याला चालवणारा भाग, बदलल्यावर तो आयडी बदलला, तर मॉनिटर तिथून येणारे ट्रॅप नाकारतो. म्हणून हार्डवेअर बदललं की टेस्ट ट्रॅप पुन्हा सोडा.

आता खाती. मॉनिटरला ॲरेवर ॲडमिनचं खातं कृपया देऊ नका. वाचण्यापुरता रोल असलेलं वेगळं सर्व्हिस खातं काढा. त्याचा पासवर्ड ॲरेवर बदलला आणि मॉनिटरमध्ये तसाच राहिला, तर दर पोलिंगला, म्हणजे मॉनिटर विचारायला जाईल त्या प्रत्येक वेळी, चुकीचं लॉगिन होतं आणि खातं लॉक होतं. माणसांचं लॉगिन एलडॅपने संस्थेच्या डिरेक्टरीला, म्हणजे सगळ्यांच्या खात्यांच्या यादीला, जोडताना ३८९ वर साधं कनेक्शन ठेवू नका, ६३६ वर एलडॅप्स, म्हणजे कूटबद्ध एलडॅप घ्या. तिथे सर्व्हरचा आयपी न टाकता नाव टाका, कारण सर्टिफिकेट बहुधा नावाचंच असतं. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (मायक्रोसॉफ्टची डिरेक्टरी) केर्बेरॉस ही ओळख पटवायची पद्धत वापरत असाल तर घड्याळं जुळवणारं एनटीपी लावा. घड्याळात ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की एरवीच्या सेटिंगमध्ये लॉगिन नाकारलं जातं.

आणि एक लोकल ॲडमिन खातं जिवंत ठेवा. डिरेक्टरीचा सर्व्हरच ज्या स्टोरेजवर आहे ते स्टोरेज बसलं, तर डिरेक्टरीतल्या पासवर्डने मॉनिटरमध्ये कुणालाच शिरता येणार नाही. त्या खात्याचा पासवर्ड सीलबंद पाकिटात ठेवा, ते पाकीट कोणाकडे आहे हे शिफ्टवरच्या प्रत्येकाला माहीत असू द्या, आणि वर्षातून एकदा त्या पासवर्डने खरंच लॉगिन करून बघा.