सोनं कुठनं आलं ते विचारायचं

(इंग्लंडमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या दसरा मेळाव्यात केलेलं भाषण, वेबसाइटसाठी थोडं सावरून)

नमस्कार मंडळी. आत्ता दारात पोरांनी कागदाची कापलेली आपट्याची पानं आपल्या हातात दिली, आपण एकमेकांना सोनं घ्या सोन्यासारखं राहा म्हणालो, आणि मला आज बोलायचंय ते खऱ्या सोन्याबद्दलच. आता धनत्रयोदशी येईल, डिसेंबरात निम्मी मंडळी गावी निघतील, जाताना दुबईला विमान बदलायचं आणि बदलता बदलता दोन बांगड्या घ्यायच्या, हे आपल्या सगळ्यांच्या घरचं आहे, माझ्याही.

मी विट्याजवळचा. सांगली जिल्ह्यातला खानापूर-आटपाडीचा दुष्काळ ज्यांना माहीत आहे त्यांना आमचा गलाईचा धंदाही माहीत असणार. रानात काही पिकेना म्हणून आमच्याकडची माणसं बाहेर पडली आणि केरळ, तमिळनाडू, बंगाल, जिथं जमेल तिथं सोनं-चांदी गाळायची दुकानं टाकून बसली. वडलांचं दुकान कोइमतूरला, एक खोली, त्यातच भट्टी. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिथं असायचो. मूस लालभडक झाली की वडील टाकणखाराची चिमूट टाकायचे, सांडशीनं मूस उचलून साच्यात ओतायचे, क्षणभर ते पातळ सोनं आरशासारखं हलायचं आणि मग गप होऊन लगड व्हायची. सकाळी त्याच मुशीत कुणाच्या आजीची पिचलेली बांगडी गेलेली असायची, कुणाची न सोडवता आलेली गहाणाची साखळी, कुणाचं एकच कानातलं. वडील म्हणायचे, गाळलं की सोन्याला गाव राहत नाही, टंच, म्हणजे शुद्धता, तेवढा राहतो.

पण म्हणूनच ते गाळायच्या आधी वहीत लिहायचे. कोण घेऊन आला, कुठला, वजन किती, काय दागिना होता. कारण चोरीचा माल निघाला तर पोलीस पहिल्यांदा गलाईवाल्याच्या दारात येणार हे ठरलेलं. ती लाल वही गल्ल्यापेक्षा जास्त जपायचे.

हे मला सुदानच्या बातम्या वाचताना आठवायला लागलं. २०११ ला दक्षिण सुदान वेगळा झाला आणि सुदानचं जवळजवळ तीन चतुर्थांश तेल तिकडं गेलं, मग उरलं सोनं. १५ एप्रिल २०२३ ला खार्तूममध्ये लष्कर आणि आरएसएफ नावाची निमलष्करी फौज यांच्यात लढाई पेटली, एक कोटीच्या वर माणसं घरादाराला मुकली, आणि दोन्ही बाजूंचा खर्च बऱ्याच अंशी खाणीतल्या सोन्यावर चालतो. त्यातलं कितीतरी सोनं चोरवाटेनं बाहेर पडतं, अमिरातीच्या बाजारात येतं, तिथं गाळलं की झालं, त्याचं गाव गेलं. मग ते कुणाच्याही हातात असू शकतं. पूर्व काँगोतही सोनं, कथील, टँटलम यांच्यावर सशस्त्र टोळ्या वर्षानुवर्षं पोसल्या गेल्यात.

आपण म्हणजे सातारा-सांगलीची माणसं, लढाई आपल्याला पेपरातून कळलेली नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावातले ४६ जण एकट्या पहिल्या महायुद्धात गेले, तो दगड गावात उभा आहे. त्यामुळं मला वाटतं आपल्या पैशानं कुठं बंदूक विकत घेतली जात असेल तर ते आपल्याला टोचलं पाहिजे.

सोनं कुठनं आलं ते कळेपर्यंत नवं घ्यायचं नाही म्हटलं, की बहिष्कारानं काय होतंय, असं लोक विचारतात. हिऱ्यांचं बघा. अंगोला, सिएरा लिओनमधले बंडखोर हिरे विकून शस्त्रं घेत होते, १९९८-९९ च्या सुमाराला युरोपातल्या संस्थांनी ते उघड केलं, आणि गिऱ्हाइकं हिऱ्याकडं पाठ फिरवतील या नुसत्या भीतीनं अख्खा धंदा हलला, मे २००० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या किम्बर्लीला बैठक झाली आणि २००३ पासून कच्च्या हिऱ्यांना सर्टिफिकेट लागायला लागलं. त्यात भोकं आहेत, व्याख्येत फक्त बंडखोर धरलेत, सरकारी फौजेनं केलेल्या अत्याचाराला ती लागूच होत नाही. पण हलला तर खरा.

आणि नुसतं बंद म्हटलं की काय होतं तेही सांगतो, कारण ते लपवून चालणार नाही. २०१० मध्ये अमेरिकेनं कंपन्यांना काँगोतल्या खनिजांचा हिशेब द्यायला लावणारा कायदा केला, त्याच सप्टेंबरात तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी पूर्वेकडच्या तीन प्रांतांत खाणकामच बंद केलं, कंपन्यांनीही नको ती कटकट म्हणून तिथला माल घेणं सोडलं, आणि हातानं खणून पोट भरणाऱ्या माणसांची चूल विझली. टोळीवाल्यांचं फार बिघडलं नाही. म्हणून आफ्रिकेचं सोनंच नको असं मी म्हणणार नाही, ते चूक आहे. हातानं खणणाऱ्याला दोष देऊन काय मिळणार?

इथून तासाभरावर लँकेशायरमधलं डार्वन हे कापडगिरण्यांचं गाव आहे. आपल्याकडच्या विलायती कापडाच्या बहिष्काराची झळ लँकेशायरला लागली होती, तरी सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी तिथं गेले, बेकार झालेल्या गिरणी कामगारांच्यात जाऊन बसले, त्यांना तोंडावर सांगितलं की तुमचं दुःख मला दिसतंय पण आमच्याकडचं दारिद्र्य याहून मोठं आहे. गिरणीतल्या बायकांनी त्यांच्याभोवती उभं राहून हात वर करून जयजयकार केलेला फोटो आहे, तो मी पोरांना दाखवतो. बहिष्कार करणाऱ्यानं समोरच्या माणसाकडं जायची तयारी ठेवावी लागते, घरात बसून नुसतं फॉरवर्ड करून तो होत नाही.

मागच्या महिन्यात बायकोबरोबर एका सोनाराच्या दुकानात गेलो आणि विचारलं, हे सोनं कुठलं. त्यानं हॉलमार्क दाखवला. मी म्हटलं, ९१६ दिसतंय, म्हणजे टंच कळला, कुणी बनवलं तेही कळलं, पण खाण कुठली? तो म्हणाला, आजवर कुणी विचारलंच नाही. रागानं नाही म्हणाला, खरंच म्हणाला. मग म्हणाला रिसायकल्ड आहे. आता गलाईवाल्याच्या पोराला विचारा, जुनं म्हणून नवं खपवणं किती सोपं असतं, वही नसेल तर. आम्ही काही न घेता बाहेर पडलो, बायकोला वाईट वाटलं, भाचीच्या लग्नाचं होतं. पण आईची जुनी पाटली मोडून त्याच्यातच करायचं ठरलं.

एका खोलीत बसून माझा बाप वही ठेवत होता, तर मोठमोठ्या रिफायनऱ्यांना का जमू नये? इथं २०११ पासून फेअरट्रेडचं, म्हणजे खणणाऱ्याला रास्त भाव दिल्याचा शिक्का असलेलं सोनं मिळतं, महाग पडतं, पण त्यांच्याकडं खाणीचं नाव लिहिलेलं असतं. वडलांना फोनवर हे सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, पोलिसांची भीती होती म्हणून लिहीत होतो रे, गिऱ्हाइकानं विचारलं असतं तरी लिहिलंच असतं.

बाहेर चहाच्या टेबलाशेजारी एक कागद ठेवलाय. येत्या शनिवारी सकाळी ११ वाजता आम्ही चौघंपाचजण दुकानांत जाऊन हाच प्रश्न विचारणार आहोत, नीट बोलून, भांडण न करता, आणि उत्तर मिळेपर्यंत या दिवाळीत नवं सोनं घेणार नाही हेही सांगणार आहोत. ज्यांना यायचंय त्यांनी नाव आणि फोन नंबर लिहा. लहान पोरांना आणलं तरी चालेल.