त्सुमागो: विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, पाडायचं नाही

(दृश्य: अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना काळपट लाकडी घरं, मागे डोंगर)

जपानच्या नागानो प्रांतातलं, किसो खोऱ्यातलं हे त्सुमागो. दिवसा या मुख्य रस्त्यावर गाड्यांना बंदी. विजेचे खांबही घरांच्या मागे नेलेत, त्यामुळे फोटोत तारा आडव्या येत नाहीत. आणि मग शंका येते, गाव आपसूक इतकं जुनं राहिलं कसं?

आपसूक राहिलेलं नाही.

एदो, म्हणजे आजचं टोकियो, आणि क्योतो यांना जोडणारी नाकासेंदो ही डोंगरवाट. तिच्यावर मुक्कामाची ६९ ठाणी होती, त्यातलं त्सुमागो ४२वं. सरदारांचे लवाजमे, व्यापारी, यात्रेकरू इथं उतरायचे. १८६१मध्ये राजकन्या काझुनोमिया शोगुनशी, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाशी, लग्नासाठी एदोला निघाली, तीही याच वाटेनं. मग सरंजामशाही संपली. १९११मध्ये चुओ रेल्वेमार्ग पूर्ण झाला, तो गावाला बाजूला ठेवून. पाहुणे आटले, तरुण शहराकडे गेले. नवी घरं बांधायला पैसा नव्हता, म्हणून जुनी उभी राहिली. तीही हळूहळू खचत चालली होती.

(दृश्य: दुरुस्त केलेली घरं, जाळीदार खिडक्या)

१९६८मध्ये गावकऱ्यांनी घरांची डागडुजी हाती घेतली. १९७१मध्ये सगळ्यांनी मिळून एक सनद केली: घर विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, पाडायचं नाही. यातली मधली अट मला सगळ्यात कठीण वाटते. पर्यटकांची रीघ लागलेली असताना बाहेरच्या दुकानदाराला नाही म्हणायचं, म्हणजे दारात आलेली लक्ष्मी परत पाठवायची! १९७६मध्ये जपान सरकारनं जुन्या वस्त्यांना संरक्षण द्यायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्याच यादीत त्सुमागो होतं.

(दृश्य: ओकुया, आतलं दालन)

हा ओकुया वाडा. मानाचे पाहुणे मुख्य सरकारी उताऱ्यात मावले नाहीत, की इथं उतरायचे. आजची इमारत १८७७ची, हिनोकी म्हणजे जपानी सायप्रसच्या लाकडाची. हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याआधी किसोचं जंगल ओवारीच्या सरदारांच्या ताब्यात होतं आणि हिनोकीसह पाच जातींची झाडं तोडायला रयतेला सक्त मनाई होती. 'एक झाड, एक मुंडकं' अशी म्हणच होती. दाराबाहेर हिनोकीचं रान, आणि घराला मात्र हिनोकी वापरायची नाही! बंदी उठल्यावर मालकांनी हौस भागवून घेतली, ती अशी. तीन वर्षांनी, १८८०मध्ये, खुद्द सम्राट मेइजी इथं विसाव्याला थांबले.

मधोमध जमिनीत इरोरी, म्हणजे उघडी चूल. धुरानं लाकडाला कीड लागत नाही. हिवाळ्यात ऊन जाळीतून तिरपं आत येतं आणि धुरात त्याच्या पट्ट्या दिसतात. गर्दी त्याच फोटोसाठी असते, आणि फोटो आहेही तसाच.

भूक लागली तर गोहेई मोची घ्या: कुटलेला भात काडीला थापून, अक्रोड आणि सोया सॉसचं वाटण लावून निखाऱ्यावर भाजलेला. गरमच खा.

(दृश्य: दगडी पायवाट, सीडरचं रान)

पुढचं ठाणं मागोमे. खिंड ओलांडून साधारण आठ किलोमीटर. सामान पुढे पाठवायची सोय आहे, तेव्हा चालतच जा. वाटेत जागोजागी घंटा टांगलेल्या दिसतील. त्या देवाच्या नाहीत, अस्वलांना दूर ठेवण्यासाठी आहेत. प्रत्येक घंटा जोरात वाजवा.